आपल्या वाट्याचे कागद

६ सप्टेंबर १९६९ चा शनिवार. इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन शहरात, मॉलिन्यूच्या मैदानावर वुल्व्ज आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना ३-३ असा बरोबरीत सुटला. सहा गोल झालेला सामना एरवी गोलांसाठी लक्षात राहतो. हा लक्षात राहिला तो एका माणसासाठी. वुल्व्जच्या आघाडीच्या फळीतला पीटर नोल्स त्या दिवशी मैदानाबाहेर गेला आणि पुन्हा व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही. त्याला चोवीस वर्षं पूर्ण व्हायला अजून तीन आठवडे होते. गुडघे शाबूत होते. क्लबशी तंटा नव्हता, पैशावरून रुसवा नव्हता. त्याला देवाचं काम करायचं होतं, आणि फुटबॉल खेळत राहून ते नीट होणार नाही असं त्याचं मन त्याला सांगत होतं.

हा सामना शेवटचा असणार हे त्याने आधीच सांगून टाकलं होतं. तरी फार थोड्यांचा त्यावर विश्वास बसला. पोरगं दोन-चार आठवडे घरी बसेल, शनिवारी दुपारी प्रेक्षकांचा आवाज कानावर पडला की परत येईल, असंच सगळे धरून चालले होते.

नोल्स यॉर्कशरमधल्या फिट्झविल्यम या कोळशाच्या खाणींच्या खेड्यातला. क्रिकेट पाहणाऱ्या मराठी माणसाने या खेड्याचं नाव ऐकलं असेल ते जेफ्री बॉयकॉटमुळे, तोही तिथलाच. पीटरचा एक वर्षाने मोठा भाऊ सिरिल पुढे टॉटनहॅमचा नावाजलेला बचावपटू झाला आणि इंग्लंडकडून चार सामने खेळला. पीटरला वुल्व्जने आपल्या यॉर्कशरमधल्या बालसंघातून, वाथ वाँडरर्समधून, उचललं आणि १९६२ मध्ये करारबद्ध केलं. १९५४, १९५८ आणि १९५९ असं तीनदा विजेतेपद मिळवलेला हा क्लब तेव्हा उतरणीला लागला होता. १९६५ मध्ये तो पहिल्या श्रेणीतून खाली गेला आणि १९६७ मध्ये वर आला. या चढउतारात नोल्स मोठा झाला. वुल्व्जसाठी १९१ सामने, ६४ गोल. इंग्लंडच्या तेवीस वर्षांखालच्या संघातून चार सामने. इंग्लंडचे प्रशिक्षक आल्फ रॅम्से १९७० च्या मेक्सिको विश्वचषकासाठी खेळाडू जोखत होते आणि त्यात नोल्सचं नाव यावं असं पुष्कळांना वाटत होतं.

तो नुसता चांगला खेळाडू नव्हता, त्याला मिरवायला आवडायचं. सामना चालू असताना चेंडूवर बसकण मारायची आणि समोरच्याला डिवचायचं, असले त्याचे चाळे. १९६७ मध्ये पोर्ट्समथविरुद्ध गोल केल्यावर त्या आनंदात त्याने चेंडू थेट मैदानाबाहेर, रस्त्याच्या दिशेने भिरकावून दिला. चेंडू सापडला नाही. यजमान क्लबने त्याची किंमत लावली, साडेसात पौंड. १९६१ पर्यंत इंग्लंडमधल्या फुटबॉलपटूला आठवड्याला वीस पौंडांहून जास्त पगार द्यायला बंदी होती, हे लक्षात घेतलं तर त्या एका लाथेची किंमत कळते. ती बंदी उठल्यावर आलेल्या पहिल्या पिढीतला नोल्स. जॉर्ज बेस्टची ही पिढी: मोटारी, केशरचना, मुलींचे घोळके, वर्तमानपत्रांतले फोटो. खेळाडूला पहिल्यांदाच सिनेमा नटासारखं वलय लाभत होतं.

आघाडीपटूच्या कामात त्या वलयाचं मूळ आहे. बचावपटूने शंभर चेंडू अडवले तरी त्याच्या नावापुढे आकडा लागत नाही. मधल्या फळीतला माणूस दिवसभर धावून दुसऱ्याला संधी मिळवून देतो. गोलाच्या तोंडाशी उभा असणारा मात्र एका क्षणासाठी जगत असतो. चेंडू पायात येतो, बचावपटूचा बूट घोट्याजवळ पोचलेला असतो, डावीकडे सहकारी मोकळा आहे हे दिसत असतं, आणि तेवढ्या अवधीत ‘मी मारणार’ हे ठरलेलं असावं लागतं. तिथे जो विचार करत बसला, त्याचा चेंडू गेला. प्रशिक्षक हा गुण मुद्दाम जोपासतात. आपल्या संतपरंपरेने ज्या ‘मी’ला परमार्थातली सर्वांत मोठी धोंड म्हटलं, तो ‘मी’ आघाडीपटूचं हत्यार असतो. रोज धार लावायची, शनिवारी वापरायचं. मग रविवारी सकाळी ते हत्यार माणसाने ठेवायचं कुठे?

नोल्ससमोर हा प्रश्न दारावरच्या टकटकीतून आला. यहोवाचे साक्षीदार घरोघर जाऊन प्रचार करतात, तसेच ते त्याच्याही दाराशी आले. १९६९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या नव्या लीगने ब्रिटिश क्लबांना अख्खेच्या अख्खे बोलावून अमेरिकी शहरांच्या नावाने खेळवलं. वुल्व्जचा संघ कॅन्सस सिटीच्या नावाने खेळला आणि स्पर्धा जिंकलाही. त्या परक्या शहरातही नोल्स साक्षीदारांच्या सभांना जात राहिला, आणि परतला तो निर्णय जवळपास पक्का करूनच.

भारतीय वाचकाला हा पंथ अगदीच अनोळखी नसावा. राष्ट्रगीत चालू असताना आदराने उभ्या राहिलेल्या, पण ते न गायलेल्या केरळमधल्या तीन भावंडांना शाळेने काढून टाकलं होतं, आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला होता. ती मुलं याच पंथाची. ध्वजाला वंदन नाही, सैन्यात भरती नाही, दुसऱ्याचं रक्त घेणं नाही, अशी या लोकांची कडक शिस्त. पण खेळून पैसे मिळवू नयेत असा सरसकट मनाई हुकूम त्यांच्यात नाही. सेरेना विल्यम्स याच पंथात वाढली आणि टेनिस खेळत राहिली. उलट बास्केटबॉलपटू डॅरेन कॉलिसनने २०१९ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मोठ्या रकमेचा करार समोर दिसत असताना याच श्रद्धेपायी एनबीए सोडलं. दोन वर्षांनी तो अगदी थोड्या काळासाठी परतलाही. म्हणजे एकाच धर्मग्रंथापुढे बसून माणसं वेगवेगळी उत्तरं काढतात. नोल्सचं उत्तर नोल्सचंच होतं, ते दुसऱ्या कुणी त्याच्यावर लादलेलं नव्हतं.

त्याने दिलेली कारणं साधी आहेत, म्हणूनच ती गंभीरपणे घ्यायला हवीत. मैदानावर आपला तोल जातो, कधीतरी आपल्या हातून समोरच्याचा पाय मोडेल, ही भीती त्याला होती. दुसरं कारण अधिक खोल आहे. लोक आपल्याला देव मानतात, आणि ते आपल्याला आवडतं. देव एकच आहे असं मनापासून मानणाऱ्या माणसाला हजारोंच्या तोंडून आपलं नाव ऐकणं पेलवेना. खेळ त्याला आवडेनासा झाला होता असं मात्र नाही. विटलेली भाजी टाकून देण्यात कसलं वैराग्य? इथे आवडतं ताट समोर होतं, भूक होती, आणि तो उठला.

ही ‘नासाडी’ म्हणायची का, हा खरा प्रश्न. वुल्व्हरहॅम्प्टनमधले चाहते कित्येक वर्षं हाच शब्द वापरत राहिले, आणि त्यांच्या दुःखाला हसण्यासारखं त्यात काही नाही. गिरणी-कारखान्यात आठवडा काढून शनिवारी येणाऱ्या माणसाला त्या दोन तासांत जे मिळतं ते फार मोलाचं असतं.

नासाडी कशाची, तर टॅलेंटची. ‘टॅलेंट’ हा शब्द आता मराठीच होऊन बसला आहे. तो आला बायबलमधून, मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातल्या दृष्टान्तातून. टॅलेंट म्हणजे मुळात चांदीचं भलंमोठं वजन, एक नाणेमाप. प्रवासाला निघालेला धनी तीन नोकरांकडे धन सोपवतो. दोघे ते दुप्पट करतात, तिसरा घाबरून जमिनीत पुरतो आणि धन्याच्या रोषाला पात्र ठरतो. नोल्सच्या टीकाकारांना हा दृष्टान्त आयताच हाताशी होता: देवाने दिलेलं पुरून टाकलंस. पण नोल्सच्या बाजूने बघितलं तर हाच दृष्टान्त उलटा वाचता येतो. धन्याचं धन म्हणजे पायातली कला की दाराशी आलेली शिकवण, हे कुणी ठरवायचं?

तत्त्वज्ञ कांटने १७८५ च्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या छोट्या ग्रंथात नेमकं असं उदाहरण घेतलं आहे. अंगी गुण असलेला माणूस ते गंजू देतो आणि सुखात लोळणं पत्करतो. सगळ्यांनी असंच वागावं असं त्याला विवेकाने म्हणता येईल का? कांट म्हणतो, नाही. गुण वाढवणं हे कर्तव्य आहे. मात्र कांटच्या डोळ्यांपुढचा माणूस आळशी आहे, दक्षिण समुद्रातल्या बेटांवर निवांत राहणारा. नोल्सने सुखासाठी काही सोडलं नाही. फुटबॉल सुटल्यावर त्याने घरोघर दुधाच्या बाटल्या पोचवल्या, लोकांच्या खिडक्या पुसल्या, पुढे मार्क्स अँड स्पेन्सरच्या गोदामात काम केलं. इंग्लंडच्या थंडीत, उजाडायच्या आत दुसऱ्याच्या उंबऱ्यावर काचेच्या बाटल्या आवाज न करता ठेवणं, हे सुखात लोळणं नव्हे. ज्यांच्या दाराशी त्या बाटल्या उतरत होत्या, त्यांतल्या कुणीकुणी त्याच्या नावाने घसा कोरडा केला असेल.

बर्नार्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९७६ मध्ये चित्रकार गोगँच्या धर्तीवरचं एक उदाहरण मांडलं. बायकोमुलांना सोडून चित्रं काढायला दूरच्या बेटावर गेलेला माणूस. त्याचं जाणं योग्य की अयोग्य, हे त्या क्षणी ठरवता येत नाही. चित्रं महान ठरली तरच त्या निर्णयाला मागाहून काही आधार सापडतो, आणि ते यश बरंचसं नशिबावर असतं. नोल्सला हे माप लावून पाहिलं की माप तोकडं पडतं. त्याच्या निर्णयातून कुठलंच चित्र तयार होणार नव्हतं. मागाहून कुणाला दाखवावं असं काहीच नाही, वर्षानुवर्षं ठोठावलेली दारं तेवढी. यश-अपयशाच्या भाषेत जो निर्णय मांडताच येत नाही, त्याला नशीब कौल कसा देणार?

मराठी मनाला इथे देहूची आठवण होणं अगदी साहजिक आहे. परंपरा सांगते की तुकाराम महाराजांनी घरातली सावकारीची खतं बाहेर काढली, आणि सगळी एकदम बुडवली नाहीत. धाकट्या कान्होबाच्या वाट्याची निम्मी त्याच्या हाती दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. या प्रसंगातला नदीचा भाग आपण मोठ्याने सांगतो आणि वाटणीचा भाग घाईने उरकतो. खरं तर नीती सगळी त्या वाटणीत आहे. सोडायचं ते आपलं. दुसऱ्याचं सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही, आपण कितीही मोठे विरक्त असलो तरी.

मग नोल्सच्या खेळातले त्याच्या वाट्याचे कागद कोणते, आणि कान्होबाच्या वाट्याचे कोणते? क्लबने त्याला लहानपणापासून घडवलं, त्याच्यावर पैसा लावला. ते क्लबचे कागद. ते त्याने बुडवले नाहीत. दुसऱ्या क्लबकडे गेला नाही, नोंदणी सोडा म्हणून हट्ट धरला नाही. त्याच्या नावाची नोंदणी क्लबकडेच राहिली. प्रेक्षकांनी ज्या शनिवारी तिकीट काढलं, त्या शनिवारी तो जीव तोडून खेळला, अगदी शेवटच्या सामन्यातही मैदानात उतरला. त्यांचं देणं तिथल्या तिथे फिटत होतं. उरले पुढच्या दहा वर्षांतले गोल, कदाचित मेक्सिकोचं तिकीट, कदाचित शंभर-दीडशे गोलांचा आकडा. हे कुणी कुणाला कर्ज म्हणून दिलेलं नव्हतं. ती चाहत्यांची आशा होती, आणि आशेचं खत होत नाही. नदीत गेलं ते त्याचं स्वतःचं.

आपल्याच परंपरेत दुसरी वाटही आहे, तीही तितकीच मानाची. अरणच्या सावता माळ्यांनी मळा सोडला नाही. पंढरपूर जवळ असूनही ते वारीला गेले नाहीत असं सांगतात. भाजीच्या वाफ्यात त्यांना विठ्ठल दिसला. फुटबॉलच्या आघाडीतही या वाटेचे लोक आहेत. मालीकडून खेळलेला फ्रेडरिक कानूटे तरुणपणी मुसलमान झाला आणि सेव्हियाचा स्ट्रायकर म्हणून युरोपात गाजला. जर्सीवर जुगाराच्या कंपनीचं नाव आलं तेव्हा त्याने खेळ न सोडता ते नाव नाकारलं. काही काळ क्लबने त्याला कोऱ्या जर्सीत खेळू दिलं. २००७ च्या अखेरीला सेव्हियातली मशीद मुसलमानांच्या हातून जाणार असं दिसताच त्याने सुमारे पाच लाख युरो देऊन ती जागा विकत घेतली. गोल केल्यावर मैदानावरच सजदा करणाऱ्या मोहम्मद सालाहला तर आता जग ओळखतं. ‘मी’ची धार बोथट न करता ती दुसऱ्याच्या चरणी ठेवायची, हा या लोकांचा मार्ग.

तो नोल्सला जमला नसता का? ज्याचा राग लवकर शांत होतो त्याला मळ्यात देव सापडतो. ज्याला स्वतःचा राग भरवशाचा वाटत नाही, त्याने मळ्यातून बाहेर पडावं हे शहाणपण आहे. इथे सल्ला द्यायचा अधिकार त्या रागाशी रोज झुंजणाऱ्याला, बाकड्यावर बसलेल्याला नाही.

एक अवघड गोष्ट टाळून चालणार नाही. १९६६ मध्ये साक्षीदारांच्या एका प्रकाशित ग्रंथात मानवी इतिहासाची सहा हजार वर्षं १९७५ मध्ये पूर्ण होतात असा हिशेब मांडला गेला, आणि जगाचा अंत तोंडावर आला आहे अशी अपेक्षा पंथात त्या वर्षांत जोर धरत होती. त्या काळात अनेक साक्षीदारांनी पुढचे बेत आवरते घेतले. १९७५ आलं आणि गेलं. श्रद्धेपायी खेळ सोडलेले परतही येतात. अर्जेंटिनाचा गोलरक्षक कार्लोस रोआ, १९९८ च्या विश्वचषकात इंग्लंडच्या पेनल्टी अडवून नायक ठरलेला, वर्षभरात आपल्या वेगळ्या पंथाच्या श्रद्धेपायी फुटबॉल सोडून गेला होता. तो लवकरच परतला. नोल्स परतला नाही. १९७५ नंतरही नाही, क्लबचं दार उघडं असतानाही नाही. एखाद्याने तारखेवर विसंबून घर सोडलं असेल, तर ती तारीख खोटी ठरल्यावर तो घरी येतो. नोल्सने जे सोडलं त्याचं कारण कॅलेंडरात असतं तर तो जेमतेम तिशीचा होता आणि परत येऊ शकत होता. त्याचं कारण त्याच्या स्वतःच्या छातीत होतं, आणि ते १९७६ मध्येही तसंच खरं होतं. श्रद्धेचा सगळा पसारा पटो वा न पटो, एवढं मान्य करावंच लागतं की स्वतःबद्दलची ती पारख त्याला कुठल्याही पुस्तकाने दिलेली नव्हती. पुढे मुलाखतकारांनी पुन्हा पुन्हा विचारलं, पश्चात्ताप होतो का? त्याने दरवेळी नाही म्हटलं.

त्याच्याशिवायचं वुल्व्ज चांगलं खेळलं. १९७२ मध्ये संघ पहिल्यावहिल्या यूएफा चषकाच्या अंतिम फेरीत पोचला. प्रतिस्पर्धी टॉटनहॅम. ३ मे रोजी पहिला सामना मॉलिन्यूवर झाला, आणि त्या हिरवळीवर टॉटनहॅमचा डावा बचावपटू म्हणून नोल्स आडनावाचा माणूस उतरला: सिरिल. दोन सामने मिळून टॉटनहॅम ३-२ असं जिंकलं. पुढच्या वर्षी सिरिलवरचं एक गाणं इंग्लंडभर वाजू लागलं. पीटरवरचं गाणं गायक बिली ब्रॅगने केलं ते १९९१ मध्ये. त्याच वर्षी मेंदूच्या गाठीने सिरिल गेला, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. खाणीच्या खेड्यातले दोन भाऊ, दोघांच्याही नावाने गाणी, एक शेवटपर्यंत मैदानाच्या आसपास राहिलेला आणि एक दारोदार फिरणारा.

वुल्व्जने आपल्या वाट्याचा कागद जपून ठेवला होता. हंगाम उलटत होते, प्रशिक्षक बदलत होते, पीटर नोल्स या नावाची खेळाडू म्हणून नोंदणी मात्र क्लबने सोडली नाही. १९८२ मध्ये क्लब कर्जात बुडून दिवाळखोरीच्या कडेला आला आणि नोल्सचाच जुना साथीदार डेरेक डूगन त्याला वाचवणाऱ्यांत पुढे होता. त्याच वर्षी ती नोंदणी रद्द झाली. तेरा वर्षं ठेवलेला तो कागद मागायला नोल्स कधी आला नव्हता.